राजाला अडीच घरं

स्वतःच्या चुकीची लाज वाटणारी माणसं मी थोडी पाहिली, न वाटणारी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याच्या चुकीची लाज वाटणारा माणूस साऱ्या वसई तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. एव्हरशाईन सिटीत आमच्या समोरच्याच बिल्डिंगीत राहतात आणि मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात नोकरी करतात. उंचीने चांगले असूनही ते सदा थोडे वाकलेले असतात, जणू सरळ उभं राहिलं तर समोरच्या बुटक्या माणसाला वाईट वाटेल. मी हिशेबखात्यातला माणूस. ज्याची चूक त्याच्या खात्यावर, एवढी माझी साधी समजूत. साडू मात्र जगातल्या यच्चयावत चुका स्वतःच्या नावे टाकून घेतात आणि वर त्यांवर व्याज भरतात.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं दोन रिक्षा करून आगाशीला बारशाला निघालो. साडूंचा रिक्षावाला रस्ता चुकला. आता रिक्षावाल्याला रस्ता चुकलास म्हणून सांगण्यात लाजण्यासारखं काय आहे, पण ते त्याला तोंडावर पाडण्यासारखं होईल असं साडूंना वाटलं. म्हणून भलत्याच गावाच्या वेशीवर "बस बस, इथेच" असं म्हणून ते उतरले, भाडं दिलं, आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत एका अनोळखी घराच्या फाटकाला हात लावून उभे राहिले. त्या घरातल्या बाईंनी बाहेर येऊन "कोण पाहिजे?" असं विचारलं, तेव्हा त्यांना वाईट वाटू नये म्हणून साडू आत जाऊन पाणीही पिऊन आले. मेहुणी हातात चांदीची वाटी घेऊन उन्हात उभी. ते दोघं चालत बारशाला पोचले तोवर बाळ दूध पिऊन झोपलं होतं. मेहुणी आल्या आल्या माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, ह्यांच्याबरोबर निघायचं तर शिदोरी बांधून निघावं बघ."

भाजी घ्यायला ते माझ्याबरोबर येत नाहीत. स्टेशनाजवळ एका भाजीवालीचा काटा मला झुकलेला दिसला आणि मी तो सरळ करायला लावला. मी सांगायचं ते सांगून टाकतो, राग ठेवत नाही. मागे वळून पाहतो तर साडू केळीवालीच्या छत्रीआड उभे. मी पुढे गेल्यावर त्यांनी त्याच भाजीवालीकडून दोन दुधी घेतले. त्यांच्या घरात दुधी कोणी खात नाही. "काटा मुद्दाम नसेल हो केला तिने, साडूभाऊ," मला ते वाटेत म्हणाले, "आणि केला असेल तर तिला किती ओशाळल्यासारखं झालं असेल." टीव्हीवर पाऊस पडणार म्हणून सांगितलं आणि पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते बातम्या लावत नाहीत. त्या माणसाच्या नजरेला नजर कशी द्यायची, असं त्यांना वाटतं.

बिल्डिंगीच्या गणपतीत एका संध्याकाळी रहिवाशांचं गाणं असतं. हौसेचं गाणं, ते कधी सुरात असतं, कधी नसतं. सूर हलला की साडू खुर्चीत हलतात. तो पार सुटला की हळूच उठून मांडवाच्या दाराशी जातात आणि तिथे पडलेल्या चपला जोडीने लावत बसतात. डाव्याशेजारी उजवी, टाचा एका रेषेत. कार्यक्रम कसा झाला हे विचारायची कोणाला गरजच पडत नाही. बाहेर पडताना चपलांकडे पाहिलं की झालं. गाणं जितकं बेसूर, तितक्या रांगा सरळ.

अशा माणसाने बुद्धिबळ खेळू नये. पण साडूंना बुद्धिबळाचं वेड, आणि कॉलेजात असताना ते चांगले खेळत असं मेहुणी सांगते. अडचण एवढीच की समोरच्याची चूक झाली की ते खेळू शकत नसत. मी एकदा वजीर त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला. माझ्या लक्षात आलं नव्हतं. साडूंचा चेहरा लाल झाला, त्यांनी खोकल्यासारखं केलं, आणि "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून ते आत गेले. बराच वेळ येईनात. तेव्हा मी पटाकडे नीट पाहिलं आणि वजीर गुपचूप मागे घेतला. मग ते आले. पट पाहून त्यांना इतका आनंद झाला की जणू त्यांचाच वजीर वाचला होता. या पद्धतीने त्यांनी आयुष्यात कोणाला हरवलं असेल असं मला वाटत नाही.

दर रविवारी दुपारी ते गिरीजला जात. तिथे आमचे सासरे, अण्णा, केळी आणि भाजीच्या वाडीत एकटे राहत. सासूबाई गेल्यापासून ते बोलायचे कमी झाले होते. वाडीला पाणी सोडायचं, केळीची पानं साफ करायची आणि ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडून धाकट्या जावयाची वाट पाहायची. मला ते 'मोठे' म्हणत आणि साडूंना 'धाकटे'. अण्णा जुन्या पद्धतीचं, देशी बुद्धिबळ खेळत. त्यात राजाला, शह बसलेला नसेल तर, सबंध डावात एकदा घोड्यासारखं अडीच घरं जाता येतं. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते हवं ते होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होतं. हे नियम गिरीजच्या ओटीवर चालत, जगात चालत नाहीत. हे साडूंना ठाऊक होतं. अण्णांना ठाऊक नव्हतं. आणि साडूंनी, लग्न झाल्यापासून, ते त्यांना सांगितलं नव्हतं. "अण्णांनी विचारलं नाही," असं ते म्हणत. ज्याला शंकाच नाही तो विचारील कशाला, हा माझा प्रश्न ते ऐकून न ऐकल्यासारखा करत.

एवढ्यावर निभावलं असतं. पण घरोघरी कॉम्प्युटर आले होते त्या सुमाराला, वसईच्या एका वाचनालयाने साठीवरच्या माणसांसाठी बुद्धिबळाची स्पर्धा जाहीर केली आणि अण्णांनी कोणाला न विचारता नाव दिलं. सासूबाईंनंतर त्यांनी आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. त्यांनी नवा पांढरा सदरा शिवून घेतला. मला म्हणाले, "मोठे, बघायला या. गिरीजमध्ये मला कोणी हरवलेलं नाही." मी साडूंना गाठलं.

"हे आता सांगायला हवं," मी म्हणालो. "भर सभेत त्यांचा राजा घोड्यासारखा उडी मारील आणि लोक हसतील. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो."

"तुम्ही सांगाल आणि ते ऐकतीलही, साडूभाऊ," साडू जमिनीकडे पाहत म्हणाले. "पण मग ते खेळायचे नाहीत. स्पर्धेत नाही आणि माझ्याबरोबरही नाही. पट माळ्यावर टाकतील. मग रविवारी त्यांनी करायचं काय?"

साडूंकडे एक युक्ती होती. माणसाने चूक दाखवली की लाज वाटते. यंत्राने दाखवली तर वाटणार नाही. काट्यावर वजन जास्त दिसलं म्हणून काट्यासमोर कोणी लाजतं का? तेव्हा अण्णांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या पटावर खेळवायचं. चुकीची चाल यंत्र घेणारच नाही. आठवडाभरात त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

इंटरनेटवर जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी त्यांना मिळाली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कोणीतरी लिहून ठेवलेली फाईल, आपण आपल्या पानाला जोडायची. तिच्यात बुद्धिबळाचे सगळे नियम होते. गंमत अशी की तिला खेळता येत नव्हतं. ती फक्त नियम जाणणारी. तिला चाल सांगायची. चाल नियमात असेल तर ती पट पुढे नेई, नसेल तर काहीच परत देत नसे. "काहीच म्हणजे शून्य?" मी विचारलं. "शून्यही नाही," साडू म्हणाले. शून्य हा निदान आकडा आहे, त्याला वहीत जागा असते. ही नुसती गप्प बसणारी बाई होती. मला ती आवडली. ज्या परदेशी माणसाने ती फुकट ठेवली होती त्याच्यापुढे साडूंना अर्थातच ओशाळल्यासारखं झालं होतं.

पण गप्प बसणारं यंत्र अण्णांपुढे ठेवून भागणार नव्हतं. चाल घेतली नाही तर पडद्यावर काहीतरी लिहून यायला हवं, आणि ते साडूंनाच लिहायचं होतं. पहिल्यांदा त्यांनी 'चूक' असं लिहिलं आणि स्वतःच ते वाचून लाल झाले. मग 'ही चाल नियमात बसत नाही' असं केलं. ते सरकारी पत्रासारखं वाटू लागलं. मग 'कृपया पुन्हा विचार करावा.' अण्णांना विचार करायला सांगणारा मी कोण, म्हणून तेही खोडलं. असं खोडत खोडत शेवटी जे वाक्य उरलं ते असं: 'माफ करा, ही चाल मला येत नाही.'

रविवारी पडद्याला चादर गुंडाळून रिक्षातून यंत्र गिरीजला गेलं. मीही बरोबर गेलो. ओटीवर, नेहमीच्या पटाच्या जागी ते मांडलं. अण्णांना माऊस हातात धरायला वेळ लागला नाही. माणूस कोयता चालवणारा, हात पक्का. समोरून साडूच खेळत होते. डाव रंगला आणि अण्णांनी राजा उचलून अडीच घरांवर ठेवला. राजा परत आपल्या घरात आला आणि खाली अक्षरं उमटली. अण्णांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली.

"येत नाही?" अण्णा म्हणाले. "शिकवली नाही होय कोणी?" मग ते खुर्चीत मागे रेलले, आणि सासूबाईंनंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "धाकटे, यंत्र कच्चं आहे तुमचं. पण प्रामाणिक आहे. येत नाही तर सरळ येत नाही म्हणतं. आमचे मोठे कधी म्हणाले नाहीत असं."

"अण्णा, त्याचं असं आहे," साडूंनी सुरुवात केली.

"असू दे, असू दे. लाजू नका. शिकेल. पुढच्या रविवारी शिकवून आणा."

दुसऱ्या कोणीही माणसाने इथे खरं काय ते सांगून टाकलं असतं. साडूंनी घरी येऊन त्या परदेशी माणसाची फाईल उघडली आणि तिला देशी बुद्धिबळ शिकवायला घेतलं. मी शेजारी बसलो होतो. आकडे दिसले की मला राहवत नाही, आणि त्या फाईलमध्ये आकडेच होते. घोड्याच्या उड्या म्हणजे आठ आकडे, एका ओळीत. साडूंनी ते आठही तिथून उचलून राजाच्या ओळीत नेले. 'एकदाच' ही अट घालायलाही विसरले, त्यामुळे पहिल्या खेपेला राजा पटभर उधळला आणि घोडे जागच्या जागी उभे राहिले. ती चूक मीच दाखवली. साडू बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मी विचारलं, काय झालं. "ज्याने हे लिहिलं त्याचं सगळं बरोबर होतं हो," ते म्हणाले. "त्याला कळलं तर काय वाटेल?"

अण्णा खूश झाले. यंत्र आता राजाला अडीच घरं जाऊ देत होतं, प्यादं ज्या घरात पोचेल तेच मोहरं करत होतं. "हुशार आहे," अण्णा म्हणाले, "एकदा सांगितलं की कळतं." आणि नव्या सदऱ्यात, मान ताठ करून, ते स्पर्धेला निघाले. साडू त्यांच्या मागे, नेहमीपेक्षा जास्त वाकून.

वाचनालयाच्या सभागृहात सतरंज्या घातल्या होत्या, चपला दाराशी. अण्णांसमोर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पंच म्हणून एक शाळेतल्या बाई. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनी किल्लेकोट केला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले. अण्णांनी हात वर केला.

"बाई, ह्यांनी एका खेपेला दोन मोहरी हलवली."

"चालतं काका. नियमात आहे ते."

"चालतं?" अण्णांनी क्षणभर विचार केला. "बरं. चालू द्या." उदार मनाने त्यांनी ते सोडून दिलं. आणि पुढे, शांतपणे, आपला राजा अडीच घरांवर ठेवला.

"अहो, हा राजा आहे," गृहस्थ म्हणाले.

"राजाच आहे. घोडा कोण म्हणालं?"

बाई वाकून पाहू लागल्या. "काका, राजा एकच घर चालतो."

"एकदाच तर गेलाय. ह्यांना दोन मोहरी चालतात आणि माझ्या राजाला अडीच घरं नाहीत?"

शेजारच्या पटांवरची माणसं उठून आली. मागून कोणीतरी म्हणालं, "गावठी खेळतायत वाटतं," आणि हसू पसरलं. अण्णांनी एकदा पटाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या तोंडाकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्या आयुष्यात मी हिशेबातली चूक दाखवताना कोणाची भीड ठेवलेली नाही. पण त्या वेळी मला तिथे बसवेना. माझी नजर दाराकडे गेली. दाराशी चपलांचा ढीग होता. मला त्या जोडीने लावाव्याशा वाटल्या. साडू आधीच तिकडे गेले असतील म्हणून मी पाहिलं, तर ते तिथे नव्हते. ते गर्दी सारून पटाशी आले होते.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी त्यांना असं शिकवलं. माझ्या कॉम्प्युटरवर मीच तसं घातलं होतं."

इतका मोठा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि ते सरळ उभे होते. ते इतके उंच आहेत हे मला त्या दिवशी कळलं. हसणारे आता त्यांच्याकडे पाहून हसू लागले. "कॉम्प्युटरवाले ना तुम्ही?" एक जण म्हणाला. "साधा राजा चालवता येत नाही?" साडू "नाही येत" म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

"धाकटे, बाजूला व्हा," अण्णा म्हणाले. मग बाईंकडे वळून, "हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. आमच्याकडे असंच खेळतात. तुमच्याकडे चालत नसेल तर राजा मागे घेतो." त्यांनी राजा मागे घेतला, डाव पुढे खेळले, हरले, समोरच्या गृहस्थांना नमस्कार केला आणि चपला घालून बाहेर आले.

परतीच्या रिक्षात आम्ही तिघं. अण्णांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," साडू म्हणाले.

"केव्हापासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मग इतकी वर्षं दर रविवारी माझ्याबरोबर काय खेळत होतात?"

"तुमचं बुद्धिबळ, अण्णा."

अण्णा बाहेर पाहू लागले. गिरीज आलं. आता पट माळ्यावर जाणार, असं मी धरून चाललो. फाटकाशी उतरून ते दोन पावलं गेले आणि परत रिक्षाशी आले. "रविवारी यंत्र आणा," ते साडूंना म्हणाले. "त्या बाईंचे नियम घालून. आणि त्याला सांगा, माझी माफी मागू नकोस. चुकलं तर चुकलं म्हण."

साडूंनी त्या पानावर दोन बटणं केली: 'सगळ्यांचे नियम' आणि 'अण्णांचे नियम'. सगळ्यांच्या नियमांखाली, अण्णांच्या हुकमावरून, 'चुकलं' एवढंच लिहून येई. ते उमटलं की अण्णा मान डोलावत आणि साडू पाणी प्यायला आत जात. अण्णा किल्लेकोट शिकले, त्यांना तो फार आवडला. पण रविवारचा शेवटचा डाव मात्र अण्णांच्या नियमांचा. तेव्हा राजाने अडीच घरं उडी घेतली की अण्णा साडूंकडे पाहत, आणि साडू इतके खूश होत की मला तिकडे पाहणं अवघड वाटे.

अण्णा गेले त्याला आता काही काळ झाला. वाडीची केळी आता दुसरा माणूस बघतो. ते पान साडूंच्या कॉम्प्युटरवर अजून आहे, फक्त ते हल्ली धड चालत नाही. त्यांच्या ऑफिसातल्या नव्या मंडळींनी त्यांना सांगितलं की दुसऱ्याची लायब्ररी अशी आतून खोडायची नसते. सुधारलेली फाईल येते ती घ्यावी. साडू ती घेत नाहीत. नवी फाईल जुनीच्या जागी बसली की राजाच्या ओळीतले ते आठ आकडे जातील.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. पट पडद्यावर अडकत होता, एक प्यादं अर्ध्या वाटेत थांबून राहिलं होतं. मला अशी मोडकी गोष्ट चालू ठेवलेली पाहवत नाही. मी सरळ म्हणालो, "अहो साडू, घ्या ना ती नवी फाईल. अण्णांचे नियम वापरणारं आता आहे कोण?"

साडूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी खोकल्यासारखं केलं. मग "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून ते उठले आणि आत गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.

मी त्या थांबलेल्या प्याद्याकडे पाहत बसलो. ते बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या तीच. चला, एक डाव लावू या. अण्णांचे नियम."